ट्रॅक्टरचा क्लच : पेडलची तक्रार वेळीच ओळखा

(शेतकरी मेळाव्यात कृषी यंत्रे व अवजारे या विषयावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण बियाणे, खते आणि ठिबक सिंचन यांविषयी ऐकत आहात. जेवणानंतरच्या या वेळेत मला ट्रॅक्टरच्या फक्त एका भागाविषयी बोलायचे आहे. तो भाग म्हणजे डाव्या पायाखाली येणारे क्लचचे पेडल. विषय लहान वाटेल. परंतु आत येताना मंडपाबाहेर उभे असलेले ट्रॅक्टर मी पाहिले आणि मालकांना विचारून काहींची पेडले हाताने दाबून पाहिली. काहींची पेडले ताठ होती, त्यांना मोकळी चाल अशी उरलीच नव्हती. एका ट्रॅक्टरच्या पेडलची परतीची स्प्रिंग तुटली होती आणि तिच्या जागी सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी बांधलेली होती. त्या मालकांचे नाव मी घेणार नाही, ते येथेच बसले आहेत. परंतु भाषण संपल्यावर प्रात्यक्षिकासाठी त्यांचाच ट्रॅक्टर आपण घेणार आहोत, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे.

क्लचची तक्रार घेऊन शेतकरी येतात तेव्हा बहुतेकांचे पहिले वाक्य असते, "साहेब, प्लेट गेली." आणि पुष्कळदा शेजारच्या गावच्या मिस्त्रीनेही तेच सांगितलेले असते. मग ट्रॅक्टर मधून फोडला जातो, म्हणजे इंजिन एका बाजूला आणि गिअर बॉक्स दुसऱ्या बाजूला. ऐन हंगामात दोन-तीन दिवस जातात. ऊस वाहतूक करणाऱ्या एका शेतकऱ्याचा अनुभव सांगतो. त्याचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन कारखान्याच्या अलीकडचा चढ चढेना. इंजिन मोठ्याने ओरडे, पण गाडी जागची हलेना. प्लेट गेली असे ठरवून ट्रॅक्टर फोडला, तर प्लेट जवळजवळ नवी. झाले होते एवढेच की, पंधरा दिवसांपूर्वी ड्रायव्हरने "पेडल फार सैल लागते" म्हणून लिंक रॉड आवळून घेतला होता. मोकळी चाल संपली, क्लच पूर्ण धरेना आणि घसरू लागला. एक चेक नट सैल करून रॉडला चार आटे द्यायचे काम होते. त्यासाठी ट्रॅक्टर दोन भागांत उघडला गेला आणि तोडणीची टोळी फडात बसून राहिली. म्हणून पान्हा हातात घेण्यापूर्वी रोग कोठे आहे ते ओळखायला शिका, एवढीच माझी आजची विनंती आहे.

पेडल दाबल्यावर आत काय घडते

इंजिनच्या मागे फ्लायव्हील हे जड चाक असते. त्याला लागून क्लच प्लेट आणि तिच्यामागे प्रेशर प्लेट असते. दोन तळव्यांमध्ये ताट घट्ट धरावे, तशी क्लच प्लेट या दोहोंमध्ये धरलेली असते. हे धरून ठेवण्याचे काम प्रेशर प्लेटच्या जोरकस स्प्रिंगा करतात. पाय पेडलवर नसतो तेव्हा क्लच धरलेला असतो आणि इंजिनची ताकद गिअर बॉक्सकडे जाते. पेडल दाबले की लिंकमार्फत फोर्क हलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या फिंगरांवर टेकते, फिंगर दाबल्या जातात आणि पकड सुटते. आपण बोलताना "क्लच दाबला" म्हणतो, पण खरे पाहता पेडल दाबून आपण क्लच सोडवीत असतो.

पाय नसताना रिलीज बेअरिंग आणि फिंगर यांच्यामध्ये थोडी फट राहिली पाहिजे. ही फट डोळ्यांना दिसत नाही, ती पेडलवर मोकळ्या चालीच्या रूपाने कळते. मेकॅनिक तिला फ्री प्ले म्हणतात. पेडल हाताने दाबले असता सुरुवातीला जेवढे अंतर ते सहज खाली जाते आणि मग जड लागते, तेवढी ही चाल. पुष्कळशा ट्रॅक्टरांत ती २० ते ४० मि.मी. च्या दरम्यान असते, परंतु आपल्या ट्रॅक्टरचा नेमका आकडा त्याच्या माहितीपुस्तिकेतच पाहावा. पुस्तिका ट्रॅक्टरबरोबर मिळते आणि बहुधा पहिल्याच दिवाळीत हरवते. हरवली असल्यास विक्रेत्याकडून दुसरी मागून घ्या.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण येथे बहुतेकांचा घोटाळा होतो. प्लेट झिजली की पेडल सैल पडेल असे आपल्याला वाटते. घडते उलट. अस्तर झिजले की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, त्यामुळे फिंगरांची आतली टोके मागे, बेअरिंगच्या दिशेने येतात आणि मधली फट कमी होते. म्हणजे प्लेटच्या झिजेने मोकळी चाल घटत जाते. याउलट चाल वाढत असेल तर पिना, बुश आणि लिंकचे सांधे झिजले आहेत असे समजावे. एकाच पेडलच्या या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे परिणामही वेगळे आहेत. चाल संपली तर क्लच घसरतो. चाल फार वाढली तर क्लच सुटत नाही.

मोजण्याला फूटपट्टी पुरते. इंजिन बंद ठेवा, फूटपट्टी पेडलशेजारी उभी धरा, पेडलची वरची पातळी वाचा, हाताने दाबून जड लागेल तेथे पुन्हा वाचा. दोन आकड्यांतील फरक ही चाल. दर महिन्याला हे मोजून तारखेसह एखाद्या वहीत लिहीत गेलात, तर प्लेट किती भराभर झिजते आहे हे ट्रॅक्टर न उघडता तुम्हाला कळेल. चाल जमविण्यासाठी चेक नट सैल करून लिंक रॉड फिरवायचा आणि चाल बरोबर आल्यावर चेक नट पुन्हा घट्ट करायचा. शेवटचे हे काम विसरल्यास चार दिवसांत रॉड आपोआप फिरून पुन्हा बिघाड होतो. रॉडचे आटे संपले, तरी चाल मिळेना, अशी वेळ आली म्हणजे मात्र प्लेट बदलण्याची वेळ आली असे समजा.

घसरणारा क्लच

ट्रॅक्टर ओढत नाही या एका तक्रारीमागे तीन वेगळी कारणे असू शकतात. इंजिनाचे फेरे पडतात, धूर काळा येतो आणि ट्रॅक्टर मंदावतो, तेव्हा दोष इंजिनात असतो किंवा ओझे फार झालेले असते. इंजिनाचे फेरे टिकतात आणि मागची चाके जागच्या जागी फिरतात, तेव्हा दोष टायरच्या पकडीचा, जमिनीच्या ओलीचा किंवा वजन कमी पडल्याचा असतो. इंजिनाचे फेरे टिकतात किंवा वाढतात, पण चाके मात्र हळू फिरतात किंवा थांबतात, तेव्हाच क्लच घसरतो आहे असे म्हणावे. त्याबरोबर जळका, उग्र वास येतो. हा वास एकदा घेतलेला माणूस तो विसरत नाही.

शंका असल्यास एक परीक्षा करता येते. मोकळी, सपाट जागा निवडा. पुढेमागे कोणी नाही याची खात्री करून घ्या. दोन्ही ब्रेक पेडले पट्टीने जोडून ब्रेक घट्ट दाबा, वरचा गिअर टाका, इंजिनाला थोडा वेग द्या आणि क्लच सावकाश सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन दबून बंद पडते. क्लच पूर्ण सोडला तरी इंजिन चालूच राहिले, तर तो घसरतो. ही परीक्षा एकदाच करावी आणि इंजिन बंद पडले नाही तर लगेच पेडल दाबावे. पुन्हा पुन्हा केल्यास परीक्षेतच प्लेट जळेल.

घसरण्याचे पहिले कारण मोकळी चाल नसणे, हे वर आलेच आहे. ते घरी दुरुस्त होते. दुसरे कारण पेडल पूर्ण वर न येणे. परतीची स्प्रिंग तुटलेली, पेडलच्या शाफ्टला ग्रीस नाही, चिखल वाळून घट्ट बसलेला, किंवा पेडलखाली आलेले गोणपाट, असे काहीही असू शकते. गोणपाटाचे उदाहरण मी स्वतः पाहिलेले आहे. तिसरे कारण प्लेटवर तेल येणे, आणि चौथे, प्लेट खरोखरच झिजणे किंवा स्प्रिंगा उष्णतेने मऊ पडणे. ट्रॅक्टर उघडावा लागतो तो तिसऱ्या आणि चौथ्या कारणासाठीच. पहिली दोन पाहिल्याशिवाय कोणालाही ट्रॅक्टर फोडू देऊ नका.

तेलाविषयी थोडे सांगतो. क्लच हाऊसिंगच्या तळाला एक भोक असते. काही ट्रॅक्टरांत त्यात लोंबती कॉटर पिन असते, म्हणजे भोक चिखलाने बुजू नये. या भोकाखाली स्वच्छ पुठ्ठा ठेवून रात्रभर ट्रॅक्टर उभा करा. सकाळी पुठ्ठ्यावर डाग दिसला तर आत तेल गळते आहे. डाग काळा आणि पातळ असेल तर ते इंजिन ऑइल, म्हणजे इंजिनाच्या मागच्या बाजूचा ऑइल सील गेला. तेल त्यामानाने स्वच्छ आणि दाट असेल तर ते गिअर बॉक्सकडचे, म्हणजे शाफ्टचा सील गेला. प्लेट बदलताना हा सील बदलला नाही, तर नवी प्लेटही थोड्याच दिवसांत तेलकट होईल. काही जण तेलकट प्लेट डिझेलने धुऊन उन्हात वाळवून पुन्हा बसवतात. अस्तराने तेल पिलेले असते. प्लेट तापली की ते बाहेर येते आणि क्लच पुन्हा घसरतो. असे काम करू नये.

न सुटणारा क्लच

घसरणाऱ्या क्लचने पैशाचे नुकसान होते. न सुटणाऱ्या क्लचने माणसाचे होते, म्हणून येथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

एका गावातील घटना आहे. वडील सीटवर बसले होते, इंजिन चालू, मागचा गिअर टाकलेला, क्लच पूर्ण दाबून धरलेला. मुलगा ट्रॅक्टर आणि कल्टिव्हेटर यांच्यामध्ये उभा राहून खालच्या लिंकेची पिन घालीत होता. गेले काही दिवस त्या ट्रॅक्टरचा गिअर टाकताना खरखर आवाज येई. वडिलांनी तो गिअर बॉक्सचा दोष समजून "हंगाम झाल्यावर बघू" असे ठरविले होते. त्या दिवशी पेडल तळाला टेकलेले असताना ट्रॅक्टर मागे सरकला. मुलाच्या मांडीचे हाड मोडले. वडील पुढे मला सारखे सांगत राहिले की, माझा पाय पेडलवरून हलला नव्हता. ते खरेच होते. पाय हलला नव्हता, लिंकेची पिन झिजून अर्धी झाली होती. पेडल तळाला जात होते, पण फोर्कपर्यंत पुरेशी हालचाल पोचत नव्हती आणि प्लेट फ्लायव्हीलला घासतच राहिली होती.

ट्रॅक्टर आणि अवजार यांच्यामध्ये माणूस जाण्यापूर्वी गिअर न्यूट्रल, हँडब्रेक लावलेला आणि इंजिन बंद, या तिन्ही गोष्टी झाल्याच पाहिजेत. पायाने दाबून धरलेला क्लच म्हणजे थांबलेला ट्रॅक्टर नव्हे. यात घाई, अनुभव, घरचा माणूस असे काहीही सबब म्हणून चालणार नाही.

क्लच पूर्ण सुटतो की नाही हे पाहण्याची रीत अशी. इंजिन मंद चालीवर, गिअर न्यूट्रलमध्ये. पेडल पूर्ण दाबा, मनात तीन-चार अंक मोजा, म्हणजे गिअर बॉक्समधील शाफ्ट फिरायचा थांबेल. मग सावकाश गिअर टाका. आवाज न करता गिअर पडला तर ठीक. खरखरला, किंवा गिअर पडताच ट्रॅक्टरने पेडल दाबलेले असतानाही पुढे झटका दिला, तर क्लच सुटत नाही. प्रथम मोकळी चाल मोजा. ती जास्त असेल तर जमवून पुन्हा तपासा. त्यानंतर एकाने पेडल दाबावे व दुसऱ्याने बाजूला बसून, इंजिन बंद असताना, लिंकेचा प्रत्येक सांधा पाहावा. पेडल हलते पण पुढचा सांधा उशिरा हलतो, असे जेथे दिसेल तेथे पिन किंवा बुश झिजलेला आहे. पिनेची किंमत मामुली असते. तिच्या जागी खिळा किंवा तारेचा तुकडा घालू नये.

लिंक ठीक असूनही क्लच सुटत नसेल तर दोष आत आहे. प्लेट वाकलेली, फिंगर कमीजास्त उंचीच्या झालेल्या, किंवा प्लेट शाफ्टच्या खाचांवर गंजून बसलेली. गंजाचा हा प्रकार पावसाळ्यानंतर हमखास आढळतो. ट्रॅक्टर दोन-तीन महिने उघड्यावर किंवा दमट गोठ्यात उभा राहिला की प्लेटचे अस्तर फ्लायव्हीलला चिकटते. म्हणून ट्रॅक्टर बरेच दिवस उभा करताना पेडल दाबलेल्या स्थितीत ठेवावे. काही ट्रॅक्टरांना यासाठी कडी दिलेली असते, नसल्यास लाकडी ठोकळ्याने पेडल दाबून धरता येते. पेडल अडकवून ठेवल्याची चिठ्ठी मात्र स्टिअरिंगला बांधा. घरात ट्रॅक्टर चालविणारे चार असतात आणि ठोकळा लावणारा नेमका त्या दिवशी बाजाराला गेलेला असतो. क्लच चिकटलाच असेल तर गिअरमध्ये टाकून, स्टार्टरने धक्के देऊन सोडविण्याचे धाडस गोठ्यात किंवा अंगणात करू नये. जाणकार मेकॅनिकला बोलवावे.

भात पट्ट्यातून, कोकणातून किंवा भंडारा-गोंदियाकडून आलेल्या मंडळींसाठी एक वेगळी सूचना. वर ज्या तळाच्या भोकाविषयी बोललो, त्यातून चिखलणीच्या वेळी पाणी आणि गाळ आत शिरतो. ज्या ट्रॅक्टरांना त्या भोकासाठी प्लग दिलेला आहे, त्यांनी तो चिखलणीपूर्वी बसवावा आणि चिखलणी संपताच आठवणीने काढावा. प्लग तसाच राहिला तर आत गळणारे तेल साचून प्लेटवर जाते. बसवायचा विसरला तर चिखल, काढायचा विसरला तर तेल. चिखलणीत बांधाजवळ वळताना अर्धा क्लच दाबून ट्रॅक्टर रेटण्याची सवयही फार आहे. केज व्हील लावलेले असताना तसे करणे प्लेटला अतिशय घातक ठरते.

दुहेरी क्लच असलेल्या ट्रॅक्टरांविषयी दोन शब्द. त्यात पेडल अर्धे दाबले की ट्रॅक्टर थांबतो पण पी.टी.ओ. चालू राहतो, पूर्ण दाबले की पी.टी.ओ. सुद्धा थांबतो. मळणी यंत्रावर किंवा रोटाव्हेटरवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हा फरक पायाने ओळखता आला पाहिजे. पेडल पूर्ण दाबूनही पी.टी.ओ. फिरत राहिला तर दुसऱ्या प्लेटची जुळणी बिघडली आहे. असा ट्रॅक्टर मळणीला लावू नये. एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरात आणखी एक धोका आहे. जड फिरते अवजार पी.टी.ओ. ला जोडलेले असेल, तर क्लच दाबल्यावरही ते आपल्या वेगाने काही क्षण फिरत राहते आणि शाफ्टमार्फत उलट गिअर बॉक्सलाच फिरवून ट्रॅक्टर पुढे रेटू शकते. बांधाशी किंवा विहिरीच्या कडेला वळताना हे लक्षात असू द्या.

आवाज, थरथर आणि तेलाचे पेडल

आवाजावरून दोष ओळखणे अवघड नाही, फक्त तो केव्हा येतो हे ऐकावे. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल. पेडलला पाय लागून मोकळी चाल संपते तेथेच किरकिर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग. पेडल वर असताना घरघर येते आणि दाबल्यावर थांबते, तर दोष गिअर बॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगचा, क्लचचा नव्हे. पेडल पूर्ण दाबल्यावरच आवाज येत असेल तर फ्लायव्हीलच्या मध्यभागी असलेल्या लहान पायलट बेअरिंगवर संशय घ्यावा. नवे रिलीज बेअरिंग डिझेलमध्ये बुडवून धुऊ नये. पुष्कळ बेअरिंगांत ग्रीस भरून तोंड बंद केलेले असते, डिझेलने ते पातळ होऊन निघून जाते आणि बेअरिंग कोरडे पडते.

क्लच सोडताना ट्रॅक्टर थरथरत, उड्या मारीत निघत असेल, तर प्लेटवर थोडे तेल, प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा तुटलेल्या किंवा फिंगर असमान, यांपैकी काही असते. सिरॅमिक बटनाच्या प्लेटा मात्र स्वभावानेच थोड्या झटक्याने धरतात. नव्याने अशी प्लेट घातली असेल तर लगेच घाबरू नये.

काही नवीन ट्रॅक्टरांत, तसेच आपल्यापैकी अनेकांकडे असलेल्या जीप आणि पिकअप गाड्यांत, लिंकेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा क्लच असतो. त्याची भाषा निराळी. पेडल स्पंजासारखे मऊ लागले आणि दोन-तीनदा भराभर मारल्यावर कडक झाले, तर नळीत हवा आहे. पाय तसाच दाबून ठेवला असता पेडल हळूहळू खाली जाते, तर सिलिंडरातील रबरी सील गळते आहे. पेडल जमिनीला टेकून तेथेच राहिले तर प्रथम डबीतील तेल पाहा, मग वरच्या मास्टर सिलिंडरच्या मागे आणि खाली गिअर बॉक्सजवळच्या सिलिंडरच्या रबरी टोपीखाली बोट फिरवून ओल तपासा. तेल कमी झाले म्हणजे ते कोठेतरी गेले. नुसते भरून भागत नाही. बहुतेक गाड्यांत यासाठी ब्रेक ऑइलच लागते, आणि कोणत्या दर्जाचे ते डबीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेले असते. त्याऐवजी इंजिन ऑइल घातल्यास रबरी सील फुगून निकामी होतात. हे ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते, म्हणून वर्षानुवर्षे अर्धी उघडी राहिलेली बाटली वापरू नये. हवा काढताना निघालेले तेल परत डबीत ओतू नये, आणि ते रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

मागच्या एका मेळाव्यात एका भगिनीने विचारले होते की, "पेडल इतके जड आहे की माझ्या पायाने पूर्ण दाबले जात नाही, मी ट्रॅक्टर चालवायचाच नाही का?" प्रश्न योग्य होता. त्यांचा ट्रॅक्टर पाहिला, तर पेडलच्या शाफ्टच्या ग्रीस निपलला कित्येक महिने गन लागलेली नव्हती. निपल साफ करून ग्रीस भरल्यावर पेडल पुष्कळ हलके झाले. जड पेडल ही ताकदीची बाब आहे असे समजून घरातील स्त्रिया आणि वयस्कर माणसे ट्रॅक्टरपासून दूर राहतात, आणि दोष असतो ग्रीसचा. सीटही पुढे सरकवून घ्यावी. पेडल पूर्ण तळाला जात नसेल, तर क्लचही पूर्ण सुटत नाही.

ट्रॅक्टर उघडावाच लागला तर

अशा वेळी मालकाने तेथे हजर राहावे. मेकॅनिकवर अविश्वास म्हणून नव्हे, तर पुढील गोष्टी पाहता याव्यात म्हणून. जुन्या प्लेटांच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक आहे. म्हणून हाऊसिंगमधील धूळ हवेच्या झोताने उडवू देऊ नका, ओल्या कापडाने पुसून घ्या आणि मुलांना लांब ठेवा. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग पाहा. निळे डाग, चरे किंवा तडे असतील तर नुसती नवी प्लेट घालून उपयोग नाही. रिव्हेटची डोकी अस्तराच्या पातळीला आली असतील तर प्लेट संपली. रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग त्याच वेळी बदलून घ्यावे, कारण थोडे पैसे वाचवून पुन्हा ट्रॅक्टर फोडणे कोणाला परवडणार? प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे हे तपासून घ्या. उलटी बसलेली प्लेट मी एकदा नव्हे, तीनदा पाहिली आहे. प्लेट डमी शाफ्टने मध्यावर आणावी, फिंगरांची उंची मोजून सारखी करावी, आणि ट्रॅक्टर जोडताना गिअर बॉक्सचे वजन प्लेटवर लोंबकळू देऊ नये.

सवयींबद्दल फार बोलत नाही, त्या आपल्याला ठाऊक आहेत. पेडलवर पाय टेकवून चालविणे, चढावर ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर ट्रॅक्टर तोलून धरणे, भरलेली ट्रॉली वरच्या गिअरमध्ये उचलणे, इंजिन जोरात असताना मळणी यंत्रावर क्लच एकदम सोडणे. ट्रॅक्टर भाड्याने फिरत असेल तर ड्रायव्हरला हे एकदा सांगून पुरत नाही. त्याचा डावा पाय कोठे असतो ते अधूनमधून पाहावे लागते. पाय ठेवायची पट्टी पेडलशेजारी बसवून घेतलीत, तर अर्धे काम तीच करते.

आता बसून ऐकणे पुरे झाले. बाहेर सायकलच्या ट्यूबची पट्टी लावलेला ट्रॅक्टर उभा आहे. नवी स्प्रिंग आणि ग्रीस गन आम्ही आणली आहे. ज्यांच्याकडे फूटपट्टी असेल त्यांनी ती बरोबर घ्यावी. आधी मोकळी चाल मोजू, मग पट्टी काढून स्प्रिंग बसवू आणि पुन्हा मोजू. ज्यांना आपल्या ट्रॅक्टरचे पेडल तपासून घ्यायचे आहे, त्यांनी तो त्याच्या मागे रांगेत आणून उभा करावा. इंजिन बंद करून.